यंत्र पाहते, माणूस ठरवतो

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या उचगावातून कोल्हापूर शहरात जायचे म्हटले की वाटेत दोन ठिकाणी नजर आपोआप वळते. पहिले ठिकाण म्हणजे टेंबलाईची टेकडी. नवरात्रात ललितापंचमीला अंबाबाईची पालखी या टेकडीवर त्र्यंबोली देवीच्या भेटीला येते आणि तिथे कोहळा फोडण्याचा विधी होतो. त्या विधीचा मान असतो एका कुमारिकेचा. हजारोंच्या गर्दीत एका लहान मुलीपुढे सारे हात जोडतात. पुढे ताराराणी चौकात घोड्यावर स्वार झालेल्या महाराणी ताराबाईंचा पुतळा लागतो. सन १७०० मध्ये छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाल्यावर सात वर्षे औरंगजेबाशी झुंजणारी आणि करवीरच्या गादीची स्थापना करणारी ही स्त्री.

हा चौक ओलांडून शहरात शिरले की दवाखान्यांच्या पाट्या सुरू होतात. त्यातल्या प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात एक फलक लावलेला असतो : 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.' इतिहासाची शिक्षिका म्हणून मी आयुष्यभर मुलांना शिलालेख आणि ताम्रपट शिकवले. शिलालेखावर एखादी मनाई कोरलेली दिसली की ओळखावे, ती गोष्ट त्या काळी सर्रास होत असणार, असे मी मुलांना सांगत असे. तोच नियम या फलकालाही लागू पडतो.

आधुनिक तंत्रज्ञान वरदान की शाप, हा निबंधाचा विषय आपण शाळेत अनेकदा लिहिला आहे. निबंधाच्या शेवटी 'तंत्रज्ञान हे दुधारी शस्त्र आहे' असे लिहिले की गुण मिळतात. पण हे शस्त्र नेमके कुणावर चालले, कधी चालले आणि ते कुणी चालवले, हे त्या निबंधात येत नाही. म्हणून आज मी एकाच यंत्राची गोष्ट सांगणार आहे. या गोष्टीत आमच्या कोल्हापूर जिल्ह्याचा मोठा भाग आहे आणि लहानसा का होईना, माझाही आहे.

प्रतिध्वनीचे यंत्र

पन्हाळ्याच्या तटावर उभे राहून हाक मारली की समोरच्या डोंगरावरून ती परत येते. सोनोग्राफीचे तत्त्व याहून वेगळे नाही. फक्त इथला ध्वनी आपल्या कानाला ऐकू येत नाही. माणसाचा कान सेकंदाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. हे यंत्र सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा ध्वनी शरीरात सोडते. मांस, हाड, पाणी यांच्या सीमेवर तो आदळून परत येतो आणि त्या प्रतिध्वनींपासून पडद्यावर चित्र तयार होते.

या ध्वनीचा पहिला मोठा उपयोग युद्धासाठी झाला. पिअर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिले होते की, काही स्फटिकांवर दाब दिला तर त्यांच्यात वीज निर्माण होते. पहिल्या महायुद्धात पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्सच्या पॉल लांजव्हँ यांनी याच गुणाचा उपयोग केला. पुढे कारखान्यांतून लोखंडाच्या जाड पत्र्यात आत कुठे भेग आहे का, हे पाहण्यासाठी हे तंत्र वापरले जाऊ लागले.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात इयन डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. लोखंडातली भेग दिसते तर पोटातली गाठ का दिसू नये, असा साधा प्रश्न त्यांना पडला. १९५५ मध्ये ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीतून घेऊन बॉयलर तयार करणाऱ्या एका कारखान्यात गेले आणि तिथल्या यंत्रावर त्यांनी त्या तपासल्या. १९५८ मध्ये त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या काळात पोटाचा असाध्य कर्करोग आहे असे निदान झालेली एक बाई त्यांच्याकडे आली. यंत्राने दाखवले की, ती बीजकोशाची मोठी गाठ आहे. गाठ काढली आणि बाई वाचली. या यंत्राचा जन्म असा बाईचा जीव वाचवण्यासाठी झाला, हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

आमच्या घरातली दोन बाळंतपणे

माझी आत्या १९६२ साली बाळंतपणात गेली. सातव्या महिन्यापासून तिला अधूनमधून रक्तस्राव होत होता. सुईण अनुभवी होती, पण पोटात काय चालले आहे हे तिला हाताने कळणार तरी किती? ज्या रात्री रक्त थांबेना, त्या रात्री बैलगाडी जुंपून तिला शहराकडे नेले. उचगाव ते कोल्हापूर हे अंतर आज रिक्षाने पंधरा मिनिटांचे आहे. ती गाडी मात्र टेंबलाईच्या टेकडीपर्यंतच पोचली. नंतर डॉक्टरांनी वडिलांना सांगितले की, वार खाली होती.

बत्तीस वर्षांनी, १९९४ मध्ये, माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत नेमके हेच घडले. फरक एवढाच होता की, पाचव्या महिन्यात तिची सोनोग्राफी झाली होती. वार खाली आहे, हे आधीच कळले. तिला जपले, ठरलेल्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, आई आणि बाळ दोघेही सुखरूप घरी आले. त्या दिवशी माझ्या वडिलांनी भिंतीवरच्या आत्याच्या फोटोला हार घातला. ते काही बोलले नाहीत. तेव्हापासून तंत्रज्ञानाला सरसकट शिव्या देणाऱ्या कुणाशीही माझे पटलेले नाही.

पण बहिणीचे हे बाळंतपण झाले, त्याच काळात आमच्या जिल्ह्यात त्याच यंत्राने दुसरेही काम चालवले होते.

प्रश्न बदलला, यंत्र तेच

गर्भाचे लिंग जाणून घेण्याचे तंत्र भारतात आधी वेगळ्या वाटेने आले. गर्भाभोवतालचे पाणी सुईने काढून त्यातील पेशी तपासण्याची चाचणी १९७० च्या दशकात आपल्याकडे सुरू झाली. ती होती गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी. पण त्या पेशींतून मुलगा की मुलगी, हेही कळत होते. लवकरच खासगी दवाखान्यांच्या जाहिराती झळकू लागल्या. आज काही शे रुपये खर्च करा आणि उद्याचा हुंड्याचा खर्च वाचवा, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

याविरुद्ध पहिला संघटित आवाज उठला तो मुंबईत. १९८० च्या दशकाच्या मध्यात स्त्रीसंघटना, डॉक्टर, वकील, शास्त्रज्ञ एकत्र आले आणि त्यांनी एक मंच उभारला. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा केला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. त्यानंतर १९९४ मध्ये संसदेने देशासाठी कायदा केला आणि तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला.

कायदा आला आणि कागदावर राहिला. दरम्यान सोनोग्राफीची यंत्रे स्वस्त झाली, आकाराने लहान झाली, तालुक्याच्या गावी पोचली. सुई नको, दुखणे नको, काही मिनिटांत काम. शेवटी 'सेहत' आणि 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांना कायद्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. त्यातून न्यायालयाचे आदेश निघाले आणि २००३ मध्ये कायदा दुरुस्त होऊन अधिक कडक झाला. लिंग सांगणारा आणि विचारणारा, दोघेही गुन्हेगार ठरले. त्या बाईवर मात्र घरच्यांनी सक्ती केली असेच गृहीत धरावे, अशी तरतूद कायद्यात आहे. कायदा करणाऱ्यांना आपल्या घरांची चांगली माहिती होती, असे मला ही तरतूद वाचताना वाटते.

८३९

निसर्गतः दर शंभर मुलींमागे साधारण एकशे पाच मुलगे जन्मतात. म्हणजे हजार मुलांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली असायला हव्यात. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या बालकांमध्ये देशाचा आकडा ९२७ आला, महाराष्ट्राचा ९१३. कोल्हापूर जिल्ह्याचा आकडा होता ८३९. पन्हाळा तालुक्यात तर तो आठशेच्याही खाली होता.

हे कोल्हापूर कुठले? राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, त्याच साली विधवाविवाहाला कायद्याचा आधार दिला, पुढे स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला, ते हे कोल्हापूर. पाणी, ऊस, साखर कारखाने, दूध संघ, शाळा-कॉलेजे, सारे काही असलेला जिल्हा. आणि त्याच वेळी गडचिरोलीसारख्या आदिवासी, गरीब जिल्ह्यात हा आकडा साडेनऊशेच्या वर होता.

गरिबी आणि अज्ञानामुळे हे घडते, हे आपले आवडते उत्तर इथे टिकत नाही. उलट इथे पैसा होता, म्हणून तपासणी परवडत होती. शिक्षण होते, म्हणून तपासणी कुठे होते ते कळत होते. रस्ते होते, म्हणून तिथे पोचता येत होते. कुटुंब लहान ठेवण्याचा संदेश पटला होता, पण त्या लहान कुटुंबात मुलगा हवाच, हा जुना हट्ट सुटला नव्हता. ज्या घरात पूर्वी मुलाची वाट पाहत पाच मुली जन्मत, त्या घरात आता दुसऱ्या खेपेलाच निकाल लावायची सोय झाली. हट्ट जुनाच होता. यंत्राने फक्त त्याच्या हाती डोळे दिले.

तो आकडा वर्तमानपत्रात वाचला, तेव्हा मला एक चेहरा आठवला. १९९९ मधली गोष्ट. माझी एक जुनी विद्यार्थिनी, वर्गात सनावळ्या तोंडपाठ म्हणणारी, लग्न होऊन जवळच्याच गावी गेलेली. पहिली मुलगी होती. दुसऱ्यांदा दिवस गेलेले. माहेरी आली तेव्हा मला भेटायला आली. चहा झाला, इकडचे तिकडचे बोलणे झाले. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "बाई, दुसरीबी पोरगीच हाय म्हणत्यात."

कोण म्हणते, कसे कळले, हे मी विचारले नाही. मला कळले होते. त्या दिवसांत 'पेढे तयार ठेवा' म्हटले की मुलगा, ही खूण सगळ्यांना ठाऊक होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "घरच्यांशी नीट बोल गं." ती मान हलवून गेली. पुढच्या वेळी दिसली तेव्हा ती रोडावली होती, आणि पोट नव्हते. मी तब्येतीची चौकशी केली. तिने अशक्तपणा आहे असे सांगितले. आम्ही दोघीही खोटे बोललो.

मला कायदा माहीत होता. तिच्या सासूशी, नवऱ्याशी बोलता आले असते. बाई म्हणून गावात शब्दाला मान होता. पण दुसऱ्याच्या घरात कशाला पडा, असा विचार मी केला. त्या ८३९ मध्ये जे कमी पडले, त्यातला एक आकडा माझ्या उंबऱ्यावर येऊन गेला होता.

यंत्रावर यंत्राचा पहारा

पुढचा अध्याय पुन्हा कोल्हापुरातच घडला. तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख हे मराठीतील कथा-कादंबरीकार म्हणूनही परिचित आहेत. त्यांच्या पुढाकाराने २००९-१० मध्ये जिल्ह्यात 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे उपकरण आले. सोनोग्राफी यंत्राला जोडायची ही एक लहानशी पेटी. पडद्यावर जे जे दिसेल त्याचे चित्रण ती साठवून ठेवते. प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीचा जो 'एफ फॉर्म' भरावा लागतो, तोही संगणकावरून पाठवायचा. फॉर्मात लिहिलेले आणि यंत्रात झालेले, यांचा मेळ घालता यावा, ही त्यामागची कल्पना.

मार्च २०१० मध्ये ही पेटी बसवण्याचे परिपत्रक निघाले आणि डॉक्टरांच्या संघटनेने त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. रुग्णाच्या खासगीपणाचे काय, हा त्यांचा प्रश्न फेटाळून लावण्यासारखा नव्हता. पोटातल्या बाळाचे चित्र सरकारने का ठेवावे? न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये निकाल दिला. खासगीपणाचा हक्क निरपवाद नाही आणि मुलींची घटती संख्या पाहता हा उपाय योग्य आहे, असे सांगून पेटी कायम ठेवली. आज आपण कॅमेरे, आधार, मोबाइल यांच्या संदर्भात खासगीपणाची जी चर्चा करतो, ती कोल्हापूरच्या दवाखान्यात तेव्हाच होऊन गेली होती.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचा आकडा ८३९ वरून ८६३ वर आला. त्याचे सारे श्रेय पेटीला देणे सोपे आहे, पण ते हिशेबात बसत नाही. २०११ मध्ये मोजलेली बालके २००४ पासून जन्मलेली होती आणि पेटी आली २०१० मध्ये. दुरुस्त झालेला कायदा, तपासण्या, पथनाट्ये, शाळाशाळांतून झालेल्या सभा आणि आकडा वाचून वाटलेली शरम, या सगळ्यांचा त्यात वाटा असणार. आणि त्याच दहा वर्षांत बीड जिल्ह्याचा आकडा ८९४ वरून ८०७ वर घसरला. एका गावचा रोग हटत असताना दुसऱ्या गावी तो पोचलेला होता.

पेटीची मर्यादाही समजून घ्यायला हवी. ती चित्र टिपते, शब्द टिपत नाही. ती मुकी आहे तशीच बहिरीही आहे. डॉक्टरने मान हलवली, बोट दाखवले, पेढ्याचे नाव काढले, तर तिला कळत नाही. नोंदणी नसलेले, पिशवीत मावणारे यंत्र गाडीतून फिरत असेल तर तिथे पेटीच नाही. २०१७ मध्ये आमच्यापासून फार दूर नसलेल्या, मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे एका स्त्रीचा गर्भपाताच्या वेळी मृत्यू झाला. त्याच्या तपासात ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूणांचे अवशेष सापडले. तेव्हा कायदा होऊन तेवीस वर्षे झाली होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रामाणिक डॉक्टरांची संख्या मोठी आहे. फॉर्ममधल्या कारकुनी चुकीसाठी यंत्राला सील लागले, अशी त्यांची तक्रार असते. यंत्राला सील लागले की माझ्या आत्यासारख्या बाईची तपासणीही थांबते. पहारा कुठे संपतो आणि अडथळा कुठे सुरू होतो, हे ठरवणे सोपे नाही.

पुढचे यंत्र

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात एक मोर्चा निघाला. मुंडावळ्या बांधलेले, घोड्यावर बसलेले लग्नाळू तरुण जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. मागणी होती, आम्हाला नवरी मिळवून द्या. लोक हसले, छायाचित्रे सगळीकडे फिरली. मला हसू आले नाही. हे तरुण साधारण कधी जन्मले असतील, याचा हिशेब मी करत होते. त्यांची लग्ने न जमण्याची कारणे अनेक आहेत. शेती, नोकरी, मुलींच्या वाढलेल्या अपेक्षा. पण जन्मालाच न आलेल्या मुली हेही त्यांपैकी एक कारण आहे.

आणि तंत्रज्ञान थांबलेले नाही. आईच्या रक्तातच बाळाचे डीएनए तरंगत असते, हे हाँगकाँगच्या डेनिस लो यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. आता दहाव्या आठवड्यापासूनच आईच्या रक्ताच्या नमुन्यावरून बाळातील काही गंभीर दोषांची शक्यता कळते. जोखमीची सुई अनेकींच्या बाबतीत टळते, हे केवढे वरदान! पण त्याच थेंबातून मुलगा की मुलगी हेही कळते. ते सांगायला आपल्या कायद्याने बंदी आहे. मात्र रक्ताची नळी टपालाने कुठेही जाऊ शकते. तिला पेटी जोडता येत नाही.

म्हणजे यापुढे यंत्रावर यंत्राचा पहारा बसवून भागणार नाही. पहारा उंबऱ्यावर बसवावा लागेल. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये 'नकोशी' नावाच्या मुलींना जाहीर समारंभात नवी नावे देण्यात आली. त्याला कुठलेही यंत्र लागले नाही. मुलीचे नाव हाक मारण्याजोगे असावे, एवढे कुणाला तरी वाटावे लागले.

मी निवृत्त झाले त्याला बरीच वर्षे झाली. अजूनही गावातल्या लेकी-सुना दिवस गेले की भेटायला येतात. आता मी तब्येतीची चौकशी करून थांबत नाही. सोनोग्राफी वेळेवर करा, वार कुठे आहे ते डॉक्टरांना विचारा, असे बजावते. आणि त्यांच्याबरोबर सासू आली असेल तर तिला पाटावर बसवून दुसरी गोष्टही स्पष्ट सांगते. काहींना ते आवडत नाही. म्हातारी दुसऱ्याच्या घरात नाक खुपसते, असे म्हणतात. म्हणू देत. एकदा मी नाक खुपसले नव्हते, त्याचा हिशेब अजून माझ्याकडे आहे.